ओटीपोटाच्या तळाच्या नसा कशा तपासायच्या: बोट, टाचणी, करंट आणि सुई

लघवी धरवत नाही, वारा सरला की शौच झाली हेच कळत नाही, किंवा याच्या उलट, कितीही वेळ बसलं तरी लघवी उतरत नाही. अशी तक्रार घेऊन माणूस ईएमजीच्या, म्हणजे नसा आणि स्नायूंच्या विजेवरच्या तपासणीच्या, खोलीपर्यंत येतो तोवर बहुधा काही वर्षं गेलेली असतात, कारण हे दुखणं घरातसुद्धा बोललं जात नाही. हातातल्या चिठ्ठीवर दोनच शब्द असतात: ‘पुडेंडल एनसीव्ही’, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या पुडेंडल नसेचा वहनवेग. तेवढ्यावर मशीन सुरू केलं तर शेवटी एक आकडा मिळतो, २.१ नाहीतर २.६ मिलिसेकंद, आणि त्यावरून उपचार काही ठरत नाहीत. मेंदूपासून गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत जाणारी आणि तिथून परत येणारी ही लांब वाट आहे. तिचा कोणता टप्पा बिघडलाय हे शोधायचं असेल तर एकेक टप्पा वेगळा तपासावा लागतो.

पुढची माहिती नाशिक परिसरात ईएमजी-एनसीव्हीचं काम करणारे टेक्निशियन, फिजिओथेरपिस्ट, शिकाऊ डॉक्टर आणि चिठ्ठी लिहिणारे डॉक्टर यांच्यासाठी आहे. सुई टोचण्याचं काम प्रशिक्षित डॉक्टरचंच. पेशंटने किंवा नातेवाइकांनी वाचलं तरी चालेल, आपल्याला काय करणार आहेत ते आधी कळलेलं बरं.

आधी हे बघा: हा पेशंट इथे थांबायला हवा का

लासलगाव किंवा पिंपळगावच्या बाजारात कांद्याच्या गोण्या उचलणारा हमाल. कालपासून दोन्ही पाय जड, बैठकीची जागा बधिर, सकाळपासून लघवी नाही. अशा माणसाची ईएमजी करू नका. कमरेतली चकती सरकून खालच्या नसांचा जुडगा दाबला गेल्याची ही लक्षणं आहेत आणि त्याला त्याच दिवशी एमआरआय आणि सर्जन हवेत. पहिल्या दिवसांत ईएमजी फार काही दाखवतही नाही, कारण नस तुटल्यावर स्नायूत आपोआप उमटणारे विजेचे ठिपके, म्हणजे फिब्रिलेशन, दिसायला दोन ते तीन आठवडे लागतात. ‘ईएमजी नॉर्मल’ असा कागद घेऊन तो माणूस घरी गेला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. लघवी करून झाल्यावर सोनोग्राफीत मूत्राशयात २०० मिलिलिटरपेक्षा जास्त उरलेली दिसली तर शंका अजून बळावते. तपासणीची वेळ दिली असेल तरी ती सोडून त्याला पुढे पाठवा.

वाट कुठून कुठे जाते

मेंदूच्या दोन अर्ध्यांमधल्या फटीत, पायाच्या भागाला लागून, या स्नायूंचा ताबा आहे. तिथून हुकूम मज्जारज्जूतून खाली येतो. मज्जारज्जूचं टोक कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतं आणि त्या टोकात, एस-२ च्या (मज्जारज्जूच्या शेवटच्या, सेक्रल भागातला दुसरा टप्पा) आसपास, ओनुफचं केंद्र आहे. ओनुफ यांनी १८९९ साली त्याचं वर्णन केलं. गुदद्वाराच्या आणि मूत्रमार्गाच्या बाहेरच्या झडपेच्या, म्हणजे तोंड आवळून धरणाऱ्या गोल स्नायूच्या, चेतापेशी इथेच असतात. एएलएस या स्नायू सुकवणाऱ्या आजारात हातापायांच्या पेशी मरतात तरी हे केंद्र बऱ्याच अंशी वाचतं. मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफीत (पार्किन्सनसारखी लक्षणं देणाऱ्या आजारात) मात्र ते लवकर झिजतं. पुढे सुईच्या तपासणीत या फरकाचा उपयोग होतो.

इथून एस-२, एस-३, एस-४ ची मुळं घोड्याच्या शेपटीसारखी खाली उतरतात आणि माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडातल्या छिद्रांतून बाहेर पडतात. त्यांची मिळून पुडेंडल नस बनते. ती आधी ओटीपोटाबाहेर जाते, इश्चियल स्पाइन नावाच्या हाडाच्या टोकाला वळसा घालते, पुन्हा आत येते आणि अल्कॉकच्या बोगद्यातून पुढे सरकते. तिथे तिच्या तीन फांद्या होतात: एक गुदद्वाराच्या झडपेला, एक मूत्रमार्गाच्या झडपेला आणि आजूबाजूच्या स्नायूंना, आणि तिसरी शिस्नाच्या किंवा क्लिटोरिसच्या वरच्या बाजूची संवेदना आणणारी.

नेहमी विसरलं जातं ते हे: ओटीपोट वर उचलून धरणाऱ्या लिव्हेटर स्नायूला मुख्यतः एस-३, एस-४ मधून थेट वेगळी नस येते. त्यामुळे पुडेंडल ठीक आहे म्हणजे सगळा तळ ठीक आहे असं मानता येत नाही.

बाळंतपणात डोकं खाली येताना नस ओढली जाते ती साधारण स्पाइनच्या वळणापाशी. वर्षानुवर्षं कुंथणाऱ्यांचा तळ खाली उतरतो तेव्हाही तोच भाग ताणला जातो. सायकलस्वारांच्या नसेवर दाब येतो तो बोगद्यात आणि त्याच्या पुढे. नाशिकला सायकलबद्दल विचारायलाच हवं. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी २०१५ साली ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, आणि लांब पल्ल्याची सायकल चालवणारे लोक या शहरात भरपूर आहेत. तासन् तास खोगिरावर बसून जननेंद्रिय बधिर होतं, ते किती वेळ टिकतं, हे स्पष्ट विचारा. बहुतेकांना खोगीर बदलून आणि मध्ये उभं राहून आराम पडतो. त्यांना सुईपर्यंत नेण्याची घाई नको.

आदल्या दिवशी फोनवर काय सांगायचं

उपाशी येऊ नका. सकाळी पोट साफ करून या. रोज होत नसेल तर ग्लिसरीनची छोटी पिचकारी घ्या, पण जोरकस जुलाब नको, नाहीतर टेबलावर धास्तीनेच अंग आवळलेलं राहतं. मेंदूपर्यंतची संवेदना तपासायची असेल तर आदल्या रात्री डोक्यावरून अंघोळ करा आणि तेल लावू नका. खोबरेल चोपडलेल्या केसांत इलेक्ट्रोड, म्हणजे नोंद घेणारी चकती, टिकत नाही, आणि त्याचा अवरोध ५ किलोओहमच्या खाली आणायला अर्धा तास जातो. अंबाडा घालू नका, उशीवर डोकं सरळ राहत नाही. पाळी असेल तर आधी कळवा. तपासणी करता येते, पण बाईला अवघड वाटत असेल तर तारीख बदलून द्या.

रक्त पातळ करणारी गोळी, पेसमेकर किंवा हृदयातलं शॉक देणारं यंत्र, कमरेचं ऑपरेशन, मधुमेह, फिट येणं, हे सगळं फोनवरच विचारून ठेवा. गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, ती ज्या डॉक्टरांनी दिली त्यांनाच विचारायचं. पेसमेकर किंवा शॉकचं यंत्र असेल तर त्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय करंट द्यायचा नाही. चुंबकीय लाटेने मेंदूला उद्दीपन देण्याची चाचणी पेसमेकर असलेल्याला, डोक्यात धातू असलेल्याला किंवा फिट येणाऱ्याला करू नये.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या पाड्यांवरून पहिल्या एसटीने आलेला माणूस डिसेंबरात पाय गारठलेले घेऊन येतो. हातापायांच्या नसा तपासायच्या आधी पाय ३० ते ३२ अंशांपर्यंत उबदार करा. थंडीने नसेचा वेग कमी दिसतो आणि नसलेला आजार कागदावर उमटतो.

खोली

दाराला आतून कडी, मधे पडदा, अंगावर कमरेपासून पायांपर्यंत चादर आणि जेवढी जागा लागते तेवढीच उघडी. पेशंट बाई असेल तर सिस्टर किंवा बाई मदतनीस पूर्ण वेळ हजर. पुरुष पेशंटलाही सोबत कोण हवं ते विचारा. इतिहास विचारताना नवरा, सासू, मुलगा यांना बाहेर बसवा. ‘बाळंतपणात चिमटा लावला होता का, व्हॅक्यूम लावलं होतं का, टाके खालपर्यंत गेले होते का, अंग बाहेर येतं का’ या प्रश्नांची खरी उत्तरं एकटेपणीच मिळतात. मालेगाव, सटाण्याची आजी अहिराणीत बोलेल, सुरगाण्याची बाई कोकणीत. शब्द अडला तर हाताने दाखवा, पण पेशंटचं बोलणं तोडून नातेवाइकाला विचारू नका.

ट्यूबलाइटचा चोक, पंख्याचा रेग्युलेटर, टेबलाशी लावलेला मोबाइल चार्जर आणि वीज गेल्यावर चालू होणारा इन्व्हर्टर, चारही गोष्टी घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण आत आणतात. ती घालवायला आधी नॉच फिल्टर दाबू नका, तो लाटेचा आकार बिघडवतो. अर्थिंग तपासा, मांडीवरचा अर्थपट्टा ओला आहे का बघा, इलेक्ट्रोडच्या तारा एकत्र पीळ घालून ठेवा, चार्जर काढा. पावसाळ्यात चिकटपट्टी सुटते म्हणून कातडी कोरडी पुसून मगच पट्टी लावा.

बोट आणि टाचणी

या भागात घाई होते आणि पुढची सगळी गडबड इथून सुरू होते. नवी, एकदाच वापरून टाकायची टाचणी घ्या. पायाच्या टाचेची बाहेरची कड एस-१, गुडघ्यामागची खळगी एस-२, बैठकीचं हाड एस-३ आणि गुदद्वाराभोवतीचं वर्तुळ एस-४, एस-५. दोन्ही बाजू तुलना करून तपासा, डोळे मिटायला सांगा. ‘टोचतंय का’ असं विचारू नका, ‘टोकदार की बोथट’ असं विचारा आणि मधेमधे बोथट टोकही लावा. मग गुदद्वाराशेजारची कातडी टाचणीने हलकी ओढा. झडप चटकन आवळली तर खालचं वर्तुळ चालू आहे.

आता हातमोजा आणि जेली. पेशंट डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी. सांगायचे शब्द महत्त्वाचे: ‘मावशी, आता बोट आत येईल. संडास लागल्यासारखं वाटेल, पण काही होणार नाही. घाबरू नका, थांबा म्हणालात तर मी थांबेन.’ बोट झडपेवर टेकवून सैल पडेपर्यंत थांबा, दामटू नका.

मग आवळायला सांगायचं. इथेच तपासणी फसते. ‘जोर लावा’ म्हटलं की दहापैकी बरीच माणसं कुंथतात, म्हणजे बरोबर उलटं करतात, आणि झडप सैल झालेली पाहून आपण ‘ताकद नाही’ असं लिहून मोकळे होतो. म्हणा: ‘एसटी कसारा घाटात आहे, संडास लागलीय, उतरता येत नाही. तेव्हा जसं धरून ठेवता तसं धरा.’ हे लगेच कळतं. दुसरा हात कुल्ल्यावर ठेवा, कुल्ला टणक झाला तर तो कुल्ल्याचा जोर आहे, झडपेचा नाही. पोटही बघा, फुगलं तर कुंथणं चालू आहे.

बोटाला दोन वेगळ्या गोष्टी जाणवायला हव्यात. बोटाच्या मुळाशी गोल कडं आवळतं, ती बाहेरची झडप. आत, बोटाच्या टोकाशी, मागून पुढे जघनास्थीकडे ओढ येते, ती प्युबोरेक्टालिसची, म्हणजे गुदमार्गामागून जाणाऱ्या लिव्हेटरच्या पट्ट्याची. ओढ चांगली पण कडं ढिलं असेल तर पुडेंडल नस किंवा बाळंतपणात फाटलेली झडप असा विचार करा. कडं चांगलं पण ओढ नाही तर लिव्हेटरची थेट नस किंवा तो स्नायू हाडापासून सुटलेला असण्याचा विचार करा. ताकद ऑक्सफर्डच्या ० ते ५ मोजपट्टीवर लिहा, आणि किती सेकंद धरता आलं तेही लिहा. झडप फाटलीय का हा प्रश्न उरला तर तो गुदमार्गाच्या सोनोग्राफीने सोडवा. फाटलेली जागा शोधायला पूर्वी सुया टोचून नकाशा काढायचे. आता त्या वेदनेचं कारण उरलेलं नाही.

यानंतरही यंत्राकडे सरळ वळू नका. पायाची सुरल नस, टिबियल नस आणि एच-रिफ्लेक्स (पोटरीच्या स्नायूचा, एस-१ चा) तपासा. नाशिकमध्ये काय आणि इतरत्र काय, मधुमेह घराघरात आहे. पायांत आधीच नसांचा आजार असेल तर खालच्या भागातली गडबड त्याचाच भाग असू शकते.

वर्तुळ पूर्ण आहे का: सेक्रल रिफ्लेक्स

संवेदना आणणारी नस, एस-२ ते एस-४ चं केंद्र आणि हुकूम नेणारी नस, तिन्ही एका चाचणीत तपासल्या जातात. आमच्या मते एकच चाचणी करायची असेल तर ही.

पुरुषांत दोन कड्यांचे इलेक्ट्रोड शिस्नावर लावा, मुळाकडचं कडं कॅथोड, म्हणजे ऋण टोक. स्त्रियांत क्लिटोरिसच्या बाजूला छोटे चिकट इलेक्ट्रोड लावावे लागतात. जागा ओलसर असते, म्हणून आधी कोरड्या गॉजने टिपा आणि दोन इलेक्ट्रोडमध्ये जेली पसरणार नाही याची काळजी घ्या, नाहीतर करंट जेलीतूनच निघून जातो. नोंद गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना, घड्याळात ३ आणि ९ वाजता, पृष्ठभागी इलेक्ट्रोडने किंवा झडपेतल्या सुईने. बिघाड कोणत्या बाजूला आहे हे कळायला हवं असेल तर डावी आणि उजवी वेगळी नोंदवा.

उद्दीपन, म्हणजे करंटचा झटका, ०.२ मिलिसेकंदाचा. आधी ‘टिकटिक जाणवली की हूं म्हणा’ असं सांगून जाणिवेची पातळी शोधा आणि ती लिहून ठेवा, ती पुढे संवेदनेचा पुरावा म्हणून कामाला येते. मग हळूहळू तिच्या तीन ते सातपट वाढवा, पेशंटला सोसेल तिथपर्यंतच. पडदा १० मिलिसेकंद प्रति घर, फिल्टर १० हर्ट्झ ते १० किलोहर्ट्झ. झटके एका ठेक्यात देऊ नका, माणूस वाट पाहत अंग आवळतो आणि प्रतिसादही थकत जातो. दोनतीन सेकंदांच्या अंतराने, अंदाज येणार नाही असे ८ ते १० झटके द्या. प्रत्येक लाट वेगळी ठेवा, सरासरी नको. त्यातली सगळ्यात लवकरची सुरुवात मोजा.

साधारण ३० ते ३५ मिलिसेकंदांवर पहिला प्रतिसाद येतो. ४० च्या पुढे गेला की बहुतेक लॅब तो लांबलेला मानतात, पण आपल्या लॅबची मर्यादा आपणच काढून ठेवावी. त्यामागून दुसरा, बऱ्याच चेतापेशींतून फिरून येणारा प्रतिसाद येतो, तो मोजायचा नाही. एका झटक्याने काही आलं नाही तर ३ मिलिसेकंदांच्या अंतराने दोन झटके द्या. पुष्कळदा तेवढ्याने दिसतो. काही स्त्रियांमध्ये बोटाने हा रिफ्लेक्स निरोगी असूनही जाणवत नाही, म्हणून तिथे यंत्राचा उपयोग जास्त. तरीही ‘मिळाला नाही’ लिहिण्याआधी इलेक्ट्रोड काढून पुन्हा लावा.

दोन मिलिसेकंदांचा आकडा

पुडेंडल नसेची अखेरची वहनवेळ मोजण्याची पद्धत लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात रूढ झाली. किफ आणि स्वॉश यांनी १९८४ साली, शौच न धरवणाऱ्या रुग्णांत हा वेग मंदावलेला असतो असं दाखवलं. त्यासाठीचा इलेक्ट्रोड मोज्यातल्या तर्जनीला चिकटवतात: उद्दीपनाचे दोन ठिपके बोटाच्या टोकाला, नोंदीचे दोन बोटाच्या मुळाशी.

मोजा घट्ट बसणारा घ्या, सुरकुती पडली की इलेक्ट्रोड सरकतो. जेली मोजकी, आणि मुळाकडच्या दोन ठिपक्यांत पूल होणार नाही इतकीच. प्रतिसाद इतका लवकर येतो की उद्दीपनाची ठेच (झटक्याचीच पडद्यावर उमटणारी खूण) लांबली तर ती त्यालाच गिळते. मांडीला अर्थपट्टा. बोट आत घालून मागे-बाहेर, घड्याळात साधारण ४-५ आणि ७-८ वाजताच्या दिशेने स्पाइनचं टणक टोक शोधा. करंट कमी ठेवून ०.१ मिलिसेकंदाचे झटके सेकंदाला एक या गतीने सुरू करा. बोट किंचित फिरवत राहा. जागा सापडली की झडप बोटाच्या मुळाशी टपटप आवळताना जाणवते, ती खूण पडद्यावरच्या लाटेपेक्षा आधी मिळते. मग लाटेची उंची वाढायची थांबेपर्यंत करंट वाढवा, त्याच्या थोडं पुढे नेऊन तीन सारख्या लाटा नोंदवा. हात फिरवून दुसरी बाजू. पडदा १ ते २ मिलिसेकंद प्रति घर. वेळ लाटेच्या सुरुवातीपर्यंत मोजा, शिखरापर्यंत नाही.

सर्वसाधारण वेळ २.० मिलिसेकंद, इकडेतिकडे ०.२. वय वाढेल तशी ती थोडी वाढते.

चुका ठरलेल्या आहेत. लाट १.५ मिलिसेकंदापेक्षा आधी आली तर नस नव्हे, शेजारचा स्नायूच थेट उद्दीपित झालाय. पाय झटकला तर बोट फार वर गेलंय आणि सायटिकच्या मुळांना करंट लागतोय. लाट आधी खाली जाऊन मग वर येत असेल तर ती दूरच्या स्नायूतून वाहत आलेली आहे, इलेक्ट्रोड झडपेवर नाही. करंट अपुरा असेल तर वेळ उगाच लांबलेली दिसते. जाड अंगाच्या माणसात, किंवा बोट आखूड असेल तर, स्पाइनपर्यंत पोचताच येत नाही. मळ भरलेला असेल तरी तेच. अशा वेळी ‘प्रतिसाद नाही’ न लिहिता ‘तांत्रिक कारणाने मिळाला नाही’ असंच लिहा. या दोन वाक्यांच्या फरकावर एखाद्याचं ऑपरेशन ठरू शकतं.

आता मुख्य अडचण. ही वेळ फक्त सगळ्यात वेगवान तंतूंची असते. शंभरातले नव्वद तंतू गेले आणि दहा चांगले उरले तरी आकडा २.० येऊ शकतो. उलट आकडा लांबला म्हणून माणूस शौच धरू शकत नाही असंही नाही. याच कारणाने अमेरिकन गॅस्ट्रोएंटरॉलॉजिकल असोसिएशनने १९९९ साली, शौच न धरवण्याच्या तपासात ही चाचणी करण्याची शिफारस केली नाही. बाळंतपणानंतर लगेच मोजली तर वेळ लांबलेली दिसते आणि पुष्कळ जणींत पुढच्या काही महिन्यांत ती सुधारते. ओल्या बाळंतिणीला त्या आकड्यावरून ‘नस गेली’ असं सांगणं हा अन्याय आहे. आम्ही ही चाचणी दोन बाजूंची तुलना करायला, बाकीचं चित्र हातात आल्यावर, शेवटीशेवटी करतो.

सुई

झडप हाताच्या स्नायूसारखी विश्रांतीत गप्प बसत नाही. झोपेतही ती थोडी आवळलेली असते. त्यामुळे सुई आत जाताच टिकटिक ऐकू आली की घाबरू नका, ते निरोगीपणाचं लक्षण आहे. त्या सततच्या आवाजात फिब्रिलेशन लपतं, म्हणून ते शोधताना घाई करू नका. सगळं एकदम शांत असेल तर तो नस गेल्याचा पुरावा आहे, किंवा सुई झडपेबाहेर चरबीत आहे.

कातडी स्पिरिटने पुसू नका, तिथे भयंकर झोंबतं. पोविडोन आयोडीन लावा आणि वाळू द्या. भूल देणारं मलम तासभर आधी लावता येतं, पण ते कातडीपुरतंच. एकदाच वापरायची बारीक कॉन्सेन्ट्रिक सुई घ्या. झडपेच्या वरच्या थरासाठी गुदद्वाराच्या कडेपासून १ सेंटिमीटरवर, ३ ते ६ मिलिमीटर खोल. खोल थरासाठी गुदद्वाराच्या कडेशीच, गुदमार्गाच्या रेषेशी साधारण ३० अंशांचा कोन करून १५ ते ३० मिलिमीटर. ‘खोका’ म्हणा: आवाज दाटून यायला हवा. ‘आवळा’ म्हणा: तसाच. ‘कुंथा’ म्हणा: आवाज विरायला हवा. कुंथताना वाढला तर उलट्या कामाची शंका येते. मात्र अनोळखी लोकांसमोर, सुई टोचलेली असताना निरोगी माणूसही सैल सोडू शकत नाही, म्हणून फक्त त्यावर निदान नको.

दोन्ही बाजूंच्या मिळून किमान २० एककं मोजा (एक चेतापेशी आणि तिच्या हुकुमातले स्नायूतंतू मिळून जी एक लाट उमटते ते एक एकक). नस तुटून परत जोडली गेली असेल तर ती रुंद आणि अनेक टोकांची होतात. मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफीच्या शंकेत सरासरी लांबी १० मिलिसेकंदांच्या पुढे जाते का ते बघायचं असतं, आणि इथे एक ठरलेली चूक होते: मूळ लाटेनंतर उशिरा येणारे छोटे तुकडे पडद्याबाहेर राहतात. पडदा ५० ते १०० मिलिसेकंदांचा ठेवा आणि ते तुकडे मोजणीत घ्या. पार्किन्सनसारखी लक्षणं सुरू होऊन पाच वर्षांच्या आत असेल तर ही चाचणी कामाची, त्यानंतर तिचा भरवसा कमी होतो. अनेक बाळंतपणं झालेल्या किंवा आयुष्यभर कुंथलेल्या बाईतही असेच बदल दिसतात, म्हणून वय आणि बाळंतपणांची संख्या रिपोर्टच्या पहिल्या ओळीत.

मेंदूपर्यंत

रिफ्लेक्सची तीच जागा, जाणिवेच्या दोन ते चारपट करंट. डोक्यावर मध्यबिंदूच्या २ सेंटिमीटर मागे एक इलेक्ट्रोड, कपाळावर मध्ये दुसरा. गती सेकंदाला ३.१. ५ ठेवली तर ५० हर्ट्झची वीज नेमकी जुळत जाते आणि सरासरीत गुणगुणच मोठी होते. १०० मिलिसेकंदांची खिडकी, २५० ते ५०० झटके, आणि पूर्ण चाचणी दोनदा. दोन्ही लाटा एकमेकींवर बसल्या तरच खऱ्या. शिखर ४० मिलिसेकंदांच्या आसपास येतं. पायाच्या टिबियल नसेचंही जवळपास तेवढंच, आणि अंतर कमी असून वेळ तेवढीच का लागते असं विचारलं जातं. या भागातले संवेदनेचे तंतू बारीक आणि संथ असतात म्हणून. पेशंट मान ताठ करून पडला तर मानेच्या स्नायूंचा गोंधळ वर येतो. मानेखाली छोटी उशी आणि तोंड किंचित उघडं ठेवायला सांगणं, एवढ्याने बहुधा भागतं.

आता एकत्र वाचा. रिफ्लेक्स चांगला, मेंदूची लाट नाही किंवा उशिरा: बिघाड वर, मज्जारज्जूत. रिफ्लेक्स नाही, मेंदूची लाट चांगली: संवेदना पोचतेय, हुकूम नेणारा भाग किंवा केंद्र बिघडलंय, सुईने खात्री करा. दोन्ही नाहीत: संवेदनेची वाटच तुटली असण्याची शक्यता जास्त, आणि टाचणीची नोंद तिथे निर्णायक. सगळं चांगलं पण बोटाला कडं ढिलं: स्नायू फाटलाय का ते सोनोग्राफीत बघा.

कागदावर आणि पेशंटला

रिपोर्टमध्ये बाजू, जाणिवेची पातळी, करंट, किती लाटा, काय मिळालं नाही आणि का, हे सगळं लिहा. ‘पुडेंडल न्यूरोपॅथी’ हे दोन शब्द फक्त लांबलेल्या आकड्यावर लिहू नका. निष्कर्ष चिठ्ठीतल्या प्रश्नाला उत्तर देणारा असावा. चिठ्ठीत प्रश्नच नसेल तर तपासणीआधी फोन करून विचारा.

सुईनंतर दोनचार थेंब रक्त येणं ठीक आहे. गॉज दाबून धरा, घरी कोमट पाण्याच्या टबात दहा मिनिटं बसायला सांगा. रक्त थांबत नाही, ताप येतो, जागा सुजून टणक होते, किंवा लघवी अडते, तर त्याच दिवशी परत यायचं. निकाल तिथल्या तिथे, दार बंद असताना, पेशंटलाच आधी सांगा. ‘ताई, नस पूर्ण गेलेली नाही, काही तंतू काम करताहेत, म्हणून व्यायामाचा उपयोग होईल’ असं सांगण्यासारखं असेल तर स्पष्ट सांगा आणि फिजिओथेरपीची चिठ्ठी हातात द्या. नवी इजा असेल तर पुन्हा तपासणीची तारीख तीन महिन्यांनंतरची. नस जोडली जातेय का हे त्याआधी सुईत सहसा दिसत नाही, आणि मधे बोलावून टोचण्यात अर्थ नाही.